वाघोलीचं जड पाणी आणि आमच्या सोसायटीचा सॉफ्टनर

केसनंद फाट्यापासून बकोरी रस्त्यापर्यंतच्या सोसायट्यांमधून हल्ली मला फोन येतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. "मॅडम, तुम्ही कुठला सॉफ्टनर बसवला? कितीला पडला?" सॉफ्टनर म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, म्हणजेच पाण्याचा जडपणा, कमी करणारं यंत्र. आकडा मी सांगते, पण त्या आकड्याचा त्यांना काडीचा उपयोग नाही, कारण त्यांचं पाणी वेगळं, वापर वेगळा. हे फोनवर समजावता समजावता माझा भात करपतो. म्हणून सगळं सलग लिहून ठेवते आहे. मी इंजिनिअर नाही, बँकेत नोकरी करते. कमिटीत जागा रिकामी झाली तेव्हा सभेला मी पहिल्या रांगेत बसले होते, एवढीच माझी पात्रता.

आमची 72 फ्लॅटची सोसायटी. वाघोली 30 जून 2021 ला पुणे महापालिकेत आली आणि त्याच वर्षी दिवाळीत आम्ही इथे राहायला आलो. पाणी म्हणजे दोन बोअर आणि रोजचे टँकर. पहिल्या महिन्यातच नळाच्या तोटीभोवती पांढरी कडा धरली. स्टीलची भांडी विसळून पालथी घातली की वाळल्यावर त्यांच्यावर थेंबांचे नकाशे उमटायचे. काळे कपडे करडे झाले, टॉवेल पापडासारखे कडक. साबणाला फेस येईना म्हणून आणखी साबण, आणि मग त्याचा चिकट राप बादलीच्या कडेला.

सासूबाई साताऱ्याच्या. त्यांचं निदान पहिल्या आठवड्यातच झालं होतं. "या पाण्यात डाळ फुलतच नाही गं. चार शिट्ट्या झाल्या तरी वरणात डाळ वेगळी, पाणी वेगळं." मला तेव्हा वाटलं, डाळ जुनी असेल. पुढे वाचल्यावर कळलं की पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं. त्यांचं निदान बरोबर होतं. त्यांनी नंतर ते मला अनेकदा ऐकवलं.

दुसऱ्या हिवाळ्यात गीझर बंद पडला. इलेक्ट्रिशियनने खालचं झाकण उघडून कॉइल बाहेर ओढली, तर कॉइल कुठे दिसेचना. करड्या-पांढऱ्या दगडाची मनगटाएवढी कांडी बाहेर आली. त्याने पान्ह्याच्या पाठीने दोन ठोके घातले तशा कपच्या सुटून बादलीत पडल्या. आतल्या बाजूला त्या कपच्यांवर तांब्याच्या नळीचा गोलवा जसाच्या तसा उमटलेला होता. मग टाकीत हात घालून त्याने मूठ-मूठ रवाळ चुरा काढला. नवी कॉइल, गॅस्केट आणि मजुरी मिळून 1,450 रुपये झाले. जाताना म्हणाला, "ताई, वाघोलीत माझं दुकान या पाण्यावरच चालतं."

गरम पाण्याच्या वस्तूच आधी का मरतात, याचं कारण साधं आहे. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर फुटतं, त्याचं कार्बोनेट होतं आणि ते जिथे उष्णता सगळ्यात जास्त तिथे, म्हणजे थेट कॉइलवर, बसतं. गीझरचा अंश 60 वरून 50 वर आणा, थर सावकाश धरेल. हे आजच करता येतं आणि फुकट आहे.

एकेकाच्या गीझरवर सोसायटी हलत नसते. ती हलली सोलरमुळे. 2023 च्या पावसाळ्यानंतर बी विंगच्या खालच्या मजल्यांना सोलरचं गरम पाणी येईना. सोलरवाल्याने गच्चीवरची लाइन एका ठिकाणी कापून दाखवली. एक इंची पाइपात पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं होतं. ॲसिडने धुऊन देतो म्हणाला, 14,000 रुपये, आणि वर्षभरात पुन्हा येईन हेही प्रामाणिकपणे सांगून टाकलं. तेव्हा कमिटीच्या बैठकीत पहिल्यांदा 'पाणी' हा विषय 'टँकरचं बिल' या विषयाहून वेगळा निघाला.

बातमी बाहेर कशी जाते देव जाणे, पण आठवडाभरात विक्रेते गेटवर. त्यांतल्या दोन जातींपासून सावध राहा. पहिला येतो तो पाण्यात दोन धातूच्या कांड्या बुडवून करंट सोडतो. मिनिटभरात पाणी तपकिरी, वर घाण फेस. "हे तुम्ही पिताय!" जमलेल्या बायका हबकतात. तो रंग बहुतेक त्या लोखंडी कांडीच्या गंजाचा असतो. क्षार आहेत म्हणून वीज वाहते आणि लोखंड विरघळतं, बस. आरओच्या पाण्यात क्षारच कमी, म्हणून तिथे काही होत नाही. त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ घालून तोच प्रयोग करून दाखवा म्हणा. आमच्याकडचा माणूस घाईघाईने दुसरी मीटिंग आहे म्हणाला.

दुसरा येतो तो पाइपवर लोहचुंबक नाहीतर वायरींची गुंडाळी बसवणारा. मीठ नको, वीज जवळपास नको, देखभाल नको. मी विचारलं, यातून गेल्यावर पाण्याचा जडपणा किती येईल? तो म्हणाला, जडपणा तेवढाच राहतो, पण क्षार चिकटत नाहीत. म्हणजे चाललंय की नाही हे मोजून दाखवायची सोय नाही, आणि पैसे आगाऊ. आम्ही नमस्कार केला.

मग ठरवलं की आधी मोजायचं, विक्रेत्यांशी बोलणं नंतर. नोव्हेंबर 2023 मध्ये एनएबीएल मान्यता असलेल्या एका खाजगी प्रयोगशाळेत नमुने दिले. रासायनिक तपासणीला एका नमुन्याचे 1,800 आणि जंतू तपासणीचे वेगळे 700 रुपये. नमुना घेण्याआधी पंप दहा मिनिटं चालू ठेवा, नाहीतर पाइपातलं शिळं पाणी जातं. रासायनिक नमुन्याला दोन लिटरची स्वच्छ बाटली चालते, जंतूंच्या नमुन्याला मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्यायची आणि त्याच दिवशी पोचवायची. बाटलीवर 'सोसायटी पाणी' असं लिहू नका. 'बोअर 1, पंपाजवळ' किंवा 'तळटाकी, मिश्र' असं लिहा. रिपोर्ट आठवड्याने आला.

बोअरचा एकूण जडपणा 640 मिलिग्रॅम प्रति लिटर. कॅल्शियम 128, मॅग्नेशियम 78, टीडीएस (म्हणजे विरघळलेलं सगळं मिळून) 980, नायट्रेट 41. तळटाकीतल्या मिश्र पाण्याचा जडपणा 520. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, जडपणासाठी 200 ही स्वीकारार्ह मर्यादा धरतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. म्हणजे बोअर त्याही पलीकडे. नायट्रेटला 45 च्या वर अजिबात सूट नाही, आम्ही काठावर होतो. सॉफ्टनरने नायट्रेट हलत नाही, म्हणून पिण्यासाठी घरोघरचे आरओ राहणारच हे तेव्हाच ठरलं.

इथे थोडं विषयांतर करते, कारण मला ते फार आवडलं. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. पाणी त्याच्या भेगांमधून आणि पोकळ्यांमधून मुरताना दगडातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. त्याच पोकळ्यांमध्ये झिओलाइट नावाच्या खनिजांचे स्फटिक वाढतात. वाघोलीच्या दगडखाणी त्यासाठी जगभरच्या खनिजसंग्राहकांना माहीत आहेत. इथलं कॅव्हान्साइट नावाचं निळंशार खनिज परदेशातल्या संग्रहालयांत मानाने ठेवलेलं असतं, आणि त्यातही कॅल्शियम आहेच. गंमत म्हणजे झिओलाइट स्वतः पाण्यातलं कॅल्शियम धरून सोडियम सोडू शकतो. पाणी मऊ करायची सुरुवातीची यंत्रं झिओलाइटचीच होती. आताच्या सॉफ्टनरमधले पिवळट मण्यांसारखे रेझिन तेच काम जास्त क्षमतेने करतात. आपल्याकडे रोग आणि औषध एकाच खाणीतलं.

प्रयोगशाळेत रोज कोण जाणार, म्हणून 450 रुपयांचं जडपणा मोजायचं किट मागवलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा खर्च हाच. छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, बफरचे थेंब टाकायचे, चिमटीभर पूड टाकायची. पाणी वाइनसारखं लाल होतं. मग दुसऱ्या बाटलीतले थेंब एकेक करून मोजत हलवत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही, मग जांभळट झाक येते आणि एका थेंबाला पाणी लख्ख निळं. आमच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे 20 मिलिग्रॅम.

रविवारी कोथरूडला आईकडे गेले तेव्हा किट पर्समध्येच होतं. खडकवासल्याचं नळाचं पाणी तिसऱ्या थेंबाला निळं झालं. आई म्हणाली, "एवढ्यातच?" आमच्या बोअरला 32 थेंब लागतात. टँकर मात्र मला चकित करून गेले. आमच्याकडे दोन टँकरवाले येत. एकाचं पाणी 19 थेंबांचं, दुसऱ्याचं 30. भाव दोघांचा एकच. पहिल्याची विहीर ओढ्याकाठची, दुसऱ्याची खोल बोअर. दुसरा टँकर त्याच महिन्यात बंद केला. पण उन्हाळ्यात पहिल्याच्या विहिरीला पाणी पुरत नाही, बोअरच जास्त चालवावी लागते, म्हणून हिशोबासाठी 520 हाच आकडा कायम ठेवला. उन्हाळ्यातला वाईट आकडा धरून यंत्र घ्यायचं.

आता कोटेशन. इथे फसायला सगळ्यात जास्त वाव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं कोटेशन 1,65,000 रुपयांचं, दुसरं 3,20,000, तिसरं पूर्ण स्वयंचलित जोडप्लांटचं, 7,10,000. जीएसटी सगळ्यांत वेगळा. खजिनदारांचं बोट साहजिकच पहिल्यावर. तिघांच्याही कागदावर 'तासाला अमुक हजार लिटर' असा आकडा ठळक होता आणि तो जवळपास सारखाच होता. पण तासाचा आकडा म्हणजे नळाची धार झाली. टाकीत रेझिन किती लिटर आहे आणि दोन रीजनरेशनच्या (म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन धुऊन पुन्हा कामाला तयार करण्याच्या) मध्ये किती पाणी मऊ होतं, हे विचारायचं. या दुसऱ्या आकड्याला धंद्यातले लोक ओबीआर म्हणतात. नुसतं "ओबीआर किती?" विचारलंत तरी समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

हिशोब असा. आमच्याकडे फ्लशची लाइन आणि टाकी वेगळी आहे, त्यामुळे मऊ करायचं पाणी दिवसाला साधारण 40,000 लिटर. 520 चं 150 वर आणायचं, म्हणजे लिटरमागे 370 मिलिग्रॅम काढायचे. 40,000 गुणिले 370, म्हणजे रोज 14.8 किलो जडपणा. एक लिटर रेझिन बेताच्या मिठात साधारण 50 ग्रॅम धरतं. म्हणजे 300 लिटर रेझिन, रोज एक रीजनरेशन. पहिल्या कोटेशनमध्ये रेझिन 150 लिटर होतं आणि 'दोन दिवसांतून एकदा रीजनरेशन' असं लिहिलेलं. आमच्या पाण्याला ते दिवसातून दोनदा करावं लागलं असतं. फोन करून विचारलं तर म्हणाले, ओबीआर 250 जडपणा धरून काढलाय मॅडम, सगळ्यांना तोच देतो.

150 च का, शून्य का नाही, असंही बरेच जण विचारतात. सॉफ्टनरमधून येणारं पाणी जवळपास शून्यच असतं. त्यात दहातले तीन भाग मूळ पाणी बायपासने मिसळलं की 150 च्या आसपास येतं. थर धरणं तेवढ्यानेही आटोक्यात राहतं, आणि मीठ, पाणी, रेझिन सगळंच वाचतं. बायपासला चांगल्या प्रतीचा व्हॉल्व्ह आणि दोन्ही बाजूंना नमुना घ्यायचे नळ हवेत. हे कोटेशनमध्ये लिहून घ्या, नाहीतर ते 'एक्स्ट्रा' होतं.

आणि जे कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हतं ते म्हणजे रीजनरेशनला लागणारं पाणी. उलटं धुणं, मिठाचं पाणी, मग स्वच्छ धुणं मिळून रेझिनच्या सातपट पाणी गटारात जातं. 300 लिटरला रोज 2,100. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत ही बारीकसारीक गोष्ट नाही.

विशेष सर्वसाधारण सभा 21 जानेवारी 2024 ला ठेवली. आमची सहकारी सोसायटी आहे, त्यामुळे पाच पूर्ण दिवसांची नोटीस आणि विषयपत्रिका लागते, कोरम 20 सभासद किंवा एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश यातला जो आकडा लहान असेल तो. अपार्टमेंट कायद्याखाली असाल तर तुमचं घोषणापत्र बघा. नोटिशीबरोबर लॅब रिपोर्ट आणि कोटेशनचा तुलनातक्ता जोडला. याने सभा छोटी होईल असं वाटलं होतं. ती पावणेतीन तास चालली.

"आमचा फ्लॅट भाड्याने आहे, आम्ही का द्यायचे?" "मी घरात स्वतःचा सॉफ्टनर बसवलाय, मला सूट द्या." "महापालिकेचं पाणी आलं की हे भंगारात जाणार." यातला शेवटचा मुद्दा रास्त होता आणि त्याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते पाणी आलं तर प्लांट पूर्ण वगळता येईल असा व्हॉल्व्ह ठेवू, एवढंच सांगितलं. कुणीतरी सिंकिंग फंडातून पैसे घ्या म्हणालं. तो फंड इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आणि मोठ्या संरचनात्मक दुरुस्तीसाठी असतो, त्याला हात लावता येत नाही, असं ऑडिटरने आधीच बजावलं होतं.

एक आजोबा शांतपणे उठले आणि म्हणाले, गेल्या वर्षी तुमच्या घरात गीझर, वॉशिंग मशीन आणि आरओच्या मेंब्रेनवर किती गेले ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहा. नाव नको. चिठ्ठ्या गोळा झाल्या. बहुतेक आकडे तीन ते सात हजारांच्या मधले. त्यानंतर फ्लॅटमागे 6,000 रुपये दोन हप्त्यांत गोळा करायचा ठराव फारसा विरोध न होता पास झाला. तुम्हाला सभा घ्यायची असेल तर ही चिठ्ठ्यांची युक्ती जरूर उचला.

दुसऱ्या कोटेशनवर ऑर्डर दिली. 3,20,000 अधिक 18 टक्के जीएसटी मिळून 3,77,600. ओटा, प्लंबिंग आणि मिठाच्या टाकीवरचं पत्र्याचं छप्पर 46,000. कंपनी 70 टक्के आगाऊ मागत होती, 40 वर आणलं. 20 टक्के महिनाभर जडपणाचं रीडिंग नीट आल्यावर, हे लेखी घेतलं. बँकेतल्या नोकरीचा उपयोग झाला तो एवढाच.

सहा आठवडे सांगून टाकी मार्चच्या मध्यावर आली, रेझिन मात्र 'मार्च एंडिंग आहे' म्हणून लटकलं. आमच्याकडे पंप बघणारे मामा रोज रिकाम्या टाकीवर टिचकी मारून जायचे. रेझिन 25 लिटरच्या गोण्यांतून येतं, म्हणजे 300 लिटरला 12 गोण्या. टाकी एकदा बंद झाली की आत किती भरलंय हे कुणालाच दिसत नाही, म्हणून भरताना समोर उभं राहा, गोण्या मोजा, रिकाम्या गोण्यांचे फोटो काढा. मी त्या दिवशी अर्धी रजा टाकली. फिटर जरा फुगून बसला होता, पण बारा गोण्या झाल्यावर चहा घेतला त्याने.

त्याच दिवशी मामांनी आमचं मोठं नुकसान वाचवलं. प्लांटचं सांडपाणी फिटर सगळ्यात जवळच्या चेंबरला जोडत होता. मामा म्हणाले, "साहेब, ते पावसाचं हाय. ते बोअरमधी जातंय." आमचा पुनर्भरणाचा खड्डा! रोज पस्तीस किलो मीठ आणि काढलेला सगळा जडपणा आम्ही आमच्याच बोअरमध्ये परत ओतला असता. पाइप वीस फूट लांब करून ड्रेनेजच्या चेंबरला जोडला, 2,800 रुपये जास्त गेले. ज्यांच्याकडे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आहे त्यांनी ही गोष्ट एसटीपीवाल्याला आधी विचारावी, कारण खारट पाणी तिथल्या जिवाणूंनाही मानवत नाही आणि तेच पाणी बागेला घातलं तर झाडांची पानं टोकांकडून करपतात.

4 एप्रिल 2024 ला प्लांट सुरू झाला. पहिल्या दिवशी बायपास बंद ठेवला होता. संध्याकाळपासून फोन. "अंगावरचा साबण जातच नाहीये!" मऊ पाण्यात कातडीवर साबणाचा चिकट साका बसत नाही, म्हणून निसरडं लागतं, सवयीचा भाग आहे. दुसऱ्या दिवशी बायपास थोडा थोडा उघडत सात-आठ थेंबांवर आणला आणि त्या व्हॉल्व्हच्या हँडलला मार्करने खूण करून ठेवली.

तिसऱ्या दिवशी खरा गोंधळ झाला. एका सभासदाने टीडीएसचं पेन बुडवून ग्रुपवर फोटो टाकला. आधी 870, आता 890. "चार लाख पाण्यात." तासाभरात साठ-सत्तर मेसेज. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम ठेवतो. एकूण विरघळलेलं तेवढंच राहतं, किंचित वाढतंच. टीडीएसचं पेन यातलं काहीच ओळखत नाही. हे ग्रुपवर लिहून उपयोग झाला नाही. शेवटी शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये टेबल टाकून दोन बाटल्यांत थेंब टाकून दाखवले. मुलांनी मोठ्याने मोजले. पेनवाल्या गृहस्थांनी स्वतः एक बाटली हलवली, आणि आता रविवारचं रीडिंग तेच घेतात.

सोडियमबद्दल लपवाछपवी नको. लिटरमागे 370 मिलिग्रॅम जडपणा काढला की साधारण 170 मिलिग्रॅम सोडियम पाण्यात वाढतं. सासूबाईंना बीपी आहे. आम्ही पिण्याला आणि स्वयंपाकाला आरओचंच पाणी वापरतो, त्यात हे सोडियमही बरंचसं निघतं. ज्यांच्याकडे आरओ नाही आणि घरात बीपी किंवा किडनीचा रुग्ण आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

बाकी तब्येतीच्या अपेक्षा बेताच्या ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणाला आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. मुतखड्याचं नाव सभेत फार निघालं. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं की पाणी कमी पिणं हे त्याहून मोठं कारण. केस गळायचे थांबले का, हा मला लिफ्टमध्ये सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. माझे थांबलेले नाहीत. मुलीच्या हातापायांना कोरडेपणाची खाज होती, ती थोडी कमी झाल्यासारखी वाटते, पण उन्हाळाही संपला होता. इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या 336 मुलांवर झालेली एक चाचणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. घरात सॉफ्टनर बसवून त्यांच्या त्वचेत नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फरक दिसला नव्हता. विक्रेत्याच्या पत्रकावर चकाकणारे केस असतात, ते सोडून द्या.

गीझर, नळ, भांडी आणि कपडे यांत मात्र फरक डोळ्यांना दिसतो. ऑगस्टमध्ये गीझर मुद्दाम उघडायला लावला. कॉइलवर नखाने निघेल एवढीच पूड होती. जुना थर आपोआप जातो अशी आशा धरू नका; शॉवरची जाळी आणि नळाच्या जाळ्या एकदा व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवून साफ करा. प्लंबर बाटलीतलं जहाल ॲसिड आणतो, त्याने क्रोमचा मुलामाही निघतो.

चालू खर्च महिन्याला असा येतो: मीठ 21 गोण्या, 50 किलोची गोणी 400 रुपयांना, म्हणजे 8,400. रीजनरेशनचं पाणी साधारण सहा टँकर, 1,200 च्या भावाने 7,200. मामांना जास्तीच्या कामाचे 2,000. फ्लॅटमागे 244 रुपये. कोटेशनवाले फक्त मिठाचे सांगतात. मीठ साधं खडे मीठ घ्या, आयोडीनचं बारीक नको, आणि मातकट निघालं तर गोणी परत करा. गाळ मिठाच्या टाकीच्या तळाशी साचतो आणि शोषण नळी तुंबवतो. पावसाळ्यात मिश्र पाणी 430 वर उतरलं, तसं रीजनरेशन रोजऐवजी अधूनमधून एक दिवस सोडून केलं. मामांच्या वहीत तारीख, मीटरचं रीडिंग, थेंब आणि मीठ असे चार रकाने आहेत. कंपनीचा माणूस सर्व्हिसला आला की आधी वही मागतो.

टँकरच्या नव्या करारात आम्ही आता जडपणा 400 च्या आत अशी अट घातली आहे. टँकरवाला आधी हसला. "मॅडम, टँकर लिटरवर मोजतात, थेंबावर कोण मोजतं?" पण दोन शेजारच्या सोसायट्यांनीही तीच अट घातल्यावर हसणं थांबलं. हल्ली तो नवी विहीर धरण्याआधी बाटलीत पाणी आणून मामांकडे ठेवतो. परवाची बाटली 27 थेंबांची निघाली, ती विहीर नको म्हणून कळवलं. त्याने दुसरी बाटली आणतो म्हणून सांगितलंय.